सरकारजमा चांदरी

पोलादपुरात सावित्रीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला पंचायतीचा कोंडवाडा होता. छातीएवढा दगडी गडगा, पुढे लोखंडी फाटक, आत एका बाजूला पत्र्याची पडवी. दुसऱ्याच्या भातात शिरलेली, हमरस्त्यावर मोकाट सापडलेली गुरं इथे आणून कोंडायची आणि मालक येऊन पावती फाडेपर्यंत सांभाळायची, एवढंच तिथलं काम. ते सुंदराबाई करायची. तिचा नवरा महिपत पंचायतीत शिपाई होता. तो वारला तेव्हा दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून किल्ली तिच्याकडे राहिली. त्याला अकरा वर्षं झाली होती. दुसरा माणूस कुणी शोधलाच नव्हता.

बाई बुटकी, आवाज फाटका, चालणं घाईचं. जनावर आत आलं की ती पहिल्यांदा त्याची मान चाचपायची. दाव्याखालची कातडी बघितली की मालक कसा आहे ते कळतं, असं ती म्हणायची. मालक तणतणत यायचे, कोंडवाड्याला, पंचायतीला आणि तिला एकाच दमात शिव्या घालायचे. ती पडवीतून उठायचीही नाही.

"माझा बैल सोड आधी!"

"सोडते की. त्याला विचार, यायचं हाय का त्याला."

लोक हसायचे, मालकही हसायचा, मग पावती फाटायची. अकरा वर्षांत तिच्या ताब्यात एकही जनावर मेलं नव्हतं. तिला कुणी चांगलं म्हटलेलं नव्हतं, पण हे तिला स्वतःला माहीत होतं.

सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात, भातं कापून झाली होती तेव्हा, दोन हवालदार आणि गुरांचे डॉक्टर रघुवीर टिपणीस एक म्हैस घेऊन आले. म्हैस कसली, हाडांवर कातडं पांघरलेलं. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. सुंदराबाईने सवयीने मानेला हात लावला आणि काढून घेतला. दावं पावसात भिजून आवळलं होतं आणि मांसात रुतलं होतं. डॉक्टरांनी ते कापून काढलं होतं. जखमेत पिवळं औषध भरलं होतं.

"कुनाच्या शेतात धरली हिला?"

"शेतात नाही, सुंदराबाई. घरात," डॉक्टर म्हणाले. "कापडे गावाच्या वरच्या डोंगरात चार घरांची वाडी आहे ना, तिथे आम्ही लसीकरणाला चढलो होतो. माणसं सगळी खाली उतरलेली. दारांना कड्या. शेवटच्या घराच्या पडवीत ही एकटी बांधलेली."

"किती दिस?"

"पावसाळाभर. मालक भैरू ढेबे म्हणून आहे, इथेच पोलादपुरात खोली घेऊन राहतो. त्याच्यावर केस केलीय."

"आपलीच म्हस आपन बांधली तर केस?"

"होते. साठ सालचा कायदा आहे. जनावराला बांधून टाकून दिलं, उपाशी ठेवलं, तर गुन्हा. आणि परत त्याच्याकडे दिली तर पुन्हा हेच होईल अशी कोर्टाची खात्री पटली, तर त्याची मालकीच जाते. म्हैस सरकारजमा. तीन आठवड्यांनी महाडला तारीख आहे. तोवर ही मुद्देमाल. जपा हिला."

"मुद्देमाल म्हनता होय हिला? तरीच तोंड वाकडं करून उभी हाय."

डॉक्टर हसले. फाटकाबाहेर पडताना मात्र थांबले आणि हवालदार पुढे गेल्याची खात्री करून म्हणाले, "एक गंमत सांगू? चार-पाच महिने घर बंद. पण पडवी सारवलेली होती. ताज्या शेणाने."

पहिले दोन दिवस म्हशीने वैरणीला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सुंदराबाईने नाचणीचं आंबील करून पुढे ठेवलं, ते ती प्याली. त्याच संध्याकाळी पहिल्यांदा ते दिसलं.

उन्हं गडग्यावरून उतरली होती. सुंदराबाई पडवीत तांदूळ निवडत होती. म्हैस आपणहून उठली, पडवीच्या खांबाजवळ येऊन उभी राहिली आणि तिने मागचा एक पाय किंचित मागे घेतला. कान सैल पडले. डोळे अर्धे मिटले. संथपणे रवंथ सुरू झालं. धार काढायला कुणी कासेखाली बसलं की म्हैस उभी राहते, अगदी तशी. कासेखाली कुणी नव्हतं. थोड्या वेळाने सडांतून दुधाचे चार-पाच थेंब धुळीत पडले. मग तिने अंग झाडलं आणि ती बाजूला झाली.

सुंदराबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सकाळी डॉक्टरांनी कास दाबून पाहिली होती. पार सुकलेली, भाकड, असं त्यांनी कागदावर लिहिलं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळीही. वेळ तीच, पाय तोच. कोंडवाड्यात तेव्हा दोन पाडे आणि एक लंगडी गाय होती. एरवी ही गुरं खांबाला अंग घासायची. त्या वेळी मात्र ती पलीकडच्या गडग्याला टेकून उभी राहायची आणि म्हशीकडे बघायची नाहीत.

डॉक्टरांना सांगितल्यावर ते म्हणाले, "शरीराला सवय असते, सुंदराबाई. वेळ झाली की पान्हा फुटतो. त्यात काही नाही."

"सवय मलाबी कळते हो. सवयीला बघून गाय कशापायी सरकंल?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि जखमेत औषध भरलं.

पाचव्या संध्याकाळी सुंदराबाईने ठरवलं, आपणच बसून बघायचं. तांब्या घेतला, बायका बसतात त्या नेहमीच्या बाजूला कासेशी उकिडवी बसली. म्हशीने तिच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही. रवंथ चालू. सुंदराबाईने सडाला हात लावला. दुसऱ्या कुणाच्या तरी हातून नुकता सुटावा, तसा तो ओला आणि ऊन होता. ती उठली, म्हशीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली आणि खाली बसणार, एवढ्यात म्हशीने लाथ झाडली. तांब्या गडग्यावर जाऊन आपटला. म्हशीच्या डोळ्यांत राग नव्हता. एखाद्याच्या पाटावर पाय पडू नये म्हणून दुसऱ्याने हाताने अडवावं, तशी ती लाथ होती.

सुंदराबाई घाबरट नव्हती. पण तांब्या उचलायला ती लगेच गेली नाही.

भैरू ढेबे त्याच आठवड्यात येऊ लागला. चाळिशीचा, उंच, डोंगरातल्या माणसाचं जपून पाय टाकणं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात भांडी घासायचा. संध्याकाळी येऊन तो फाटकाबाहेर बसायचा. आत यायला त्याला मनाई होती. पहिल्या दिवशी सुंदराबाई त्याच्यावर तुटून पडली.

"मान बघितलीस का रे तिची? मानूस हायस का कोन?"

"बघितली, मावशे. पंधरा दिसांनी वर जायाचो. पेंढा टाकायचो. पानी झऱ्याचं पन्हळीतनं येतं. श्रावनात वाट तुटली, दरड आली, दीड महिना जाता आलं नाय."

"मग खाली का नाय आनलीस?"

भैरू गजांतून म्हशीकडे बघत राहिला. म्हशीचा मागचा पाय सरकला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ती बघा. आयेची येळ झाली."

त्याची आई सोनाबाई वैशाखात वारली होती. चांदरी तिची म्हैस. दुसऱ्या कुणाला कधी धार काढू दिली नाही. आई गेली, महिन्यात पारडू गेलं, आणि तरी सांजेला चांदरी पाय मागे घेऊन उभी राहायची, पान्हा सोडायची. घरातली माणसं उंबऱ्यात उभी राहून बघत. भैरूच्या बायकोने हाय खाल्ली, वाडीतली बाकीची घरं तर आधीच उतरली होती. भैरू म्हणाला, आपणही जाऊ. पण चांदरी नेली तर आई येईल आणि रिकाम्या पडवीत बसेल. म्हणून त्याने चांदरी तिथेच ठेवली.

"आये डोंगर सोडून कधी खाली आली नाय, मावशे. महाडबी बघितलं नव्हतं तिनं. तिला एकटी कशी टाकू?"

"म्हनून म्हस एकटी टाकलीस."

"एकटी नव्हती की."

"पडवी तू सारवायचास?"

भैरूने तिच्याकडे पाहिलं. "मी कशाला सारवीन? मी पेंढा टाकून मागं फिरायचो. मागं वळून बघायचोबी नाय."

सुंदराबाईला आठवलं म्हणून तिने विचारलं, "तुझी आये धारेला कुठल्या बाजूनं बसायची?"

"उलट्या. डावखुरी होती ना."

त्यावर सुंदराबाई उठली आणि चुलीकडे गेली. चूल पेटवायला तिला नेहमीपेक्षा जास्त काड्या लागल्या.

तारीख जवळ आली. म्हशीच्या अंगावर जरा मांस चढलं, मानेची जखम कोरडी पडली. भैरूने वकील दिला होता. एक दिवस भैरू फाटकाशी म्हणाला, "वकीलसाहेब बोलले, कोर्टात सांगायचं, आता हितंच ठेवीन, पोलादपुरात, डोळ्यासमोर. तसं सांगितलं की मिळंल म्हनतात."

"आनि खरं काय करशील?"

"खरं तुम्हाला ठावं हाय. आयेचं घर वर हाय. चांदरी वर न्यावीच लागंल." तो गजांना धरून उभा होता. "तुम्हीबी बोलू नका. तुम्हाला विचारतील. मी रोज येतो एवढंच सांगा, मावशे. ते तर खरं हाय."

ते खरं होतं. सुंदराबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. त्याच्याविरुद्ध बोलावं असा तो माणूस नव्हता. दुष्ट माणसं तिने पुष्कळ पाहिली होती, ती गजांना अशी धरत नाहीत. पण मान चाचपली की तिच्या बोटांना अजून तो रुतलेल्या दाव्याचा खळगा लागत होता.

महाडच्या कोर्टात ती पहिल्यांदाच गेली. साडी धुतलेली, पायात उसनी चप्पल. भैरूने गुन्हा कबूल केला. दंड नाममात्रच होता. मग मॅजिस्ट्रेटनी विचारलं, म्हैस परत दिली तर कुठे ठेवणार? वकिलाने शिकवलेलं उत्तर भैरूने दिलं. देताना तो खाली बघत होता. डॉक्टर टिपणीसांनी जखमेचं सांगितलं. शेवटी सुंदराबाईला उभं केलं.

"बाई, तीन आठवडे म्हैस तुमच्याकडे आहे. हा माणूस येतो का तिला बघायला?"

"रोज येतो, साहेब. एक दिस चुकला नाय."

"म्हणजे जिव्हाळा आहे."

"हाय. लई हाय."

"मग त्याच्याकडे दिली तर नीट राहील, असं तुम्हाला वाटतं?"

कोर्टात पंखा फिरत होता. भैरूने मान वर केली होती. सुंदराबाईने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "नाय, साहेब. तो तिला परत वर नेऊन बांधंल. त्यानंच मला सांगितलंय. वाईट मनानं नाय करायचा, पन करंल. आनि या बारीला ती मरंल."

मॅजिस्ट्रेटनी भैरूला विचारलं, हे खरं का? वकील मध्ये उठला. त्याला थांबवून भैरूने हात जोडले आणि म्हणाला, "खरं हाय."

पाच मिनिटांत निकाल झाला. मालकी जप्त, म्हैस सरकारजमा, पुढचा सांभाळ पेणच्या पुढच्या एका पांजरपोळात. भैरू बाहेर पायरीवर बसला होता. सुंदराबाई जवळून गेली तेव्हा त्याने तिला शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "आयेला आता तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. चांदरी फळीवरून निमूट चढली. डॉक्टरांनी कागद सोबत दिले आणि म्हणाले, "तुमच्यामुळे वाचली, सुंदराबाई." तिने फळी उचलून टेम्पोत सरकवली. लंगडी गाय आणि पाडे आदल्याच आठवड्यात मालकांनी नेले होते. टेम्पो गेल्यावर कोंडवाड्यात चिटपाखरू उरलं नाही.

दिवसभर तिने झाडलोट केली, शेण भरलं. उन्हं कलू लागली तशी ती पडवीत येऊन बसली. घरी जाऊन कडी लावून घेता आली असती. गेली नाही.

सूर्य डोंगराआड गेला. खांबाजवळची हवा जरा गार झाली, एवढंच. पण रिकाम्या जागेत कुणीतरी येऊन थांबलं की ती जागा जशी वाटते, तशी ती वाटू लागली. आलेली बाई शोधत होती. सुंदराबाईला ते तिच्या न हलण्यावरून कळलं. कोंडवाड्याच्या फाटकात आपलं जनावर दिसलं नाही की माणसं अशीच पहिल्यांदा गप्प उभी राहतात.

"नाय ती हितं," सुंदराबाई म्हणाली. मग उठून उभी राहत पुन्हा म्हणाली, "चांदरी नाय हितं, बाय. सरकारनं नेली. मीच सांगितलं न्यायला. तुमच्या लेकाचा इलाज नव्हता, त्याच्यावर राग धरू नका. धरायचा तर माझ्यावर धरा."

गडग्यापलीकडे नदीचा आवाज येत होता. खांबाजवळचं कुणी गेलं नाही.

मग सुंदराबाईच्या ध्यानात आलं की ही बाई डोंगर सोडून कधी उतरली नव्हती. इथवर आली तीच म्हशीच्या मागोमाग. तिने पदर सारखा केला आणि हाताने दिशा दाखवत, परगावच्या माणसाला सांगावं तसं सावकाश सांगायला सुरुवात केली.

"ही नदी धरून खाली जायाचं. महाड लागंल. तिथनं डांबरी सडक सोडायची नाय. मानगाव, मग कोलाड, मग नागोठनं. गाड्या लई, कडंकडंनं चाला. पेन गेलं की पुढं इचारा, पांजरपोळ कुठं म्हनून. कुनीबी सांगंल."

ती थांबली. एवढ्या लांब पोचेस्तोवर धारेची वेळ टळेल, असं तिच्या मनात आलं.

"आजची सांज चुकंल," ती म्हणाली. "ती थांबंल पन. तिला थांबायची सवय हाय."