तीन वाजताचे मिस्त्रीकाका

घराला एसी कुठला घ्यायचा हे सांगायला मिस्त्रीकाका यायचे ते दुपारी तीन वाजता, आणि आल्यावर तासभर काहीच करायचे नाहीत. टेप काढायचे नाहीत, भिंत ठोकून बघायचे नाहीत, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. खोलीतला पंखा बंद करायला लावायचे, एक स्टूल मागून घ्यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि अनवाणी पाय फरशीवर टेकवून गप्प बसून राहायचे. कपाळावरून घाम ओघळत असायचा. घरातली माणसं दारातून डोकावून जायची आणि स्वयंपाकघरात जाऊन हसायची.

"घर सकाळी सगळ्यांशी गोड बोलतं," ते म्हणायचे. "तीन वाजता खरं बोलतं. मला जरा बसू द्या."

अर्धं आयुष्य त्यांनी वापीला फ्रीज दुरुस्त करण्यात घालवलं होतं. मग तलासरीला हायवेच्या कडेला छोटं दुकान टाकलं आणि तिथून स्कूटरवर डहाणूपर्यंत यायचे. अंगात पांढरा हाफ शर्ट, आणि लोक जिथे पेन लावतात त्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर. घरी गुजराती बोलायचे, गिऱ्हाइकांशी मराठी आणि बिघडलेल्या मशीनशी फक्त हिंदी. "अरे, चल ना भाई, क्यों बेइज्जती कराता है?" असं ते कॉम्प्रेसरला विनवताना मी स्वतः ऐकलंय.

तास संपला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. इथे कोण बसतं? कुठल्या बाजूला तोंड करून बसतं? आणि इथे बसलेल्या माणसाला हाक कोण मारतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक पटकन द्यायचे. तिसऱ्याला मात्र सगळे गोंधळायचे. एसीचा आणि हाकेचा काय संबंध? काका कधी समजावून सांगायचे नाहीत. उत्तर ऐकून मान हलवायचे आणि मगच खिशातून टेप काढायचे. "आधी माणूस, मग भिंत," एवढंच.

असा माणूस धंदा कसा करणार? तर अधूनमधून तो धंदा चक्क परत पाठवायचा. डहाणूच्या बाजारात एका चिकूच्या व्यापाऱ्याला आपल्या पत्र्याच्या पेढीत भला मोठा एसी हवा होता. काका तिथे तासभर बसले, उठले आणि म्हणाले, "शेठ, तुम्ही पत्रा थंड करायला मशीन घेताय. आधी वरून पांढरा रंग मारा, खाली छत बांधा. मग मला बोलवा." शेठ भडकले. पण रंग मारला, छत बांधलं, आणि पुढच्या वर्षी त्यांनी एसी घेतला तो आधी ठरवलेल्याच्या निम्म्या टनांचा. तेव्हापासून ते काकांना "धंदा बुडवणारा मिस्त्री" म्हणायचे आणि सगळ्या नातेवाइकांकडे त्यांनाच पाठवायचे.

धाकटी डहाणू या शेजारच्या गावात त्यांचा दरारा वेगळाच होता. तिथे खाडीवरून खारा वारा येतो आणि लोखंडाचं जे दिसेल ते खातो. एका घरी एसीचा बाहेरचा डबा खाडीकडे तोंड करून लावला होता. दोन पावसाळ्यांत त्याची जाळी हाताने चुरता येईल अशी झाली. काकांनी नवा डबा घराच्या मागच्या भिंतीला, वाऱ्याकडे पाठ करून लावला आणि घरच्या आजींना बजावलं, "दर रविवारी बंद करून गोड्या पाण्याने धुवायचा. तुम्ही समुद्रावरून आल्यावर अंघोळ करता, त्याला पण नको का?" आजी त्याला खरोखर नातवंडांच्या पाठोपाठ अंघोळ घालायच्या.

आता माझं सांगते. आई शिक्षिका होती. तलासरीच्या शाळेत तिची नोकरी झाली, एसटीने जाऊन-येऊन. निवृत्तीनंतर ती डहाणूच्या आमच्या घरी एकटीच राहायची. मी नाशिकला बँकेत. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर तिचं जग रस्त्याकडच्या खोलीतल्या खिडकीपुरतं उरलं. ती खोली पश्चिमेची. मार्चपासून दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. मला तिकडे बँकेच्या गारव्यात बसून ते आठवायचं आणि अन्न गोड लागायचं नाही. म्हणून मी मिस्त्रीकाकांना बोलावलं आणि स्वतः दोन दिवसांची रजा काढून आले.

काका तीनला आले, स्टुलावर बसले. आई खिडकीशी खुर्चीत. चार वाजायच्या सुमाराला रस्त्यावरून कोळीण ओरडली, "बाई, बोंबील बघा आज!" मग एक रिक्षावाला, आईचा जुना विद्यार्थी, रिक्षा हळू करून "बाई, बरं आहे ना?" म्हणून गेला. आई हात हलवत होती. काकांनी या वेळी तिसरा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "एक टन पुरे. पण या खिडकीच्या भिंतीला नाही, आतल्या भिंतीला. पाइप मागून न्यावा लागेल, डब्याला समुद्राचा वारा पण नाही लागणार. आणि बेन, दोन ते चार मशीन चालवायची. चारला बंद, खिडकी उघडी. मला आठ दिवस द्या."

आठ दिवस! घाई तर माझ्या पाचवीला पुजलेली. त्यात मला वाटलं, म्हातारा काटकसर शिकवतोय. माझी आई काय दोनच तास गारव्यात बसणार? नाशिकला परतताच मी सेलमधून दोन टनांचा एसी मागवला. लावणारी माणसं आली, चाळीस मिनिटांत खिडकीवर एसी बसवून गेली. पाइप न्यायला त्यांनी खिडकीचीच एक काच काढली, तिथे फळी ठोकली आणि झडपा कायमच्या बंद केल्या. उंटावरून शेळ्या हाकायची माझी जुनी सवय. फोनवर फोटो बघितला आणि मी खूश झाले.

आई रोज फोनवर सांगायची, "छान आहे गं. गारगार आहे." दीड महिना तिचं तेच वाक्य. मला तेवढंच ऐकायचं होतं, म्हणून मी दुसरं काही विचारलं नाही.

मग एका दुपारी बँकेत मिस्त्रीकाकांचा फोन आला. ते आमच्या रस्त्याने चालले होते, त्यांना बंद खिडकी दिसली, आणि ते न बोलावता आत जाऊन तासभर बसले होते. मला वाटलं, ओरडतील. ते शांतपणे म्हणाले, "बेन, तुमची मशीन चांगली आहे. पण खोलीला मोठी आहे. लगेच गार करते, लगेच थांबते, हवेतला ओलावा काढायला तिला वेळच मिळत नाही. बाईंची चादर दमट आहे. गुडघे सुजलेत." मग म्हणाले, "ते ठीक करता येईल. पण कोळीण आता पुढच्या घरी ओरडते. मी तासभर बसलो, बाईंना कोणी हाक मारली नाही."

मी काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना रडले. असं माझ्या नोकरीत एकदाच झालं.

त्याच रात्रीच्या गाडीने निघाले. दुसऱ्या दिवशी तीनला काका आले, सोबत एक टनाची मशीन. त्यांनी खिडकीवरची फळी काढली, काच बसवली, झडपांना तेल दिलं आणि आतल्या भिंतीला एसी लावला. माझा दोन टनांचा तलासरीच्या एका दवाखान्यात, पेशंट बसतात त्या मोठ्या हॉलमध्ये नेऊन बसवला. "तिथे तो बरोबर आहे," म्हणाले. मला एका शब्दानेही टोचलं नाही. चारला त्यांनी खिडकी उघडली. कोळीण आलीच. "बाई! मला वाटलं गेलात की काय नाशकाला!" आई म्हणाली, "नाही गं, इथेच होते."

इथेच होते. ते दोन शब्द मला आजही झोपू देत नाहीत.

मी आईला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तू एवढ्या हौसेने पाठवलंस." आमच्या घरात प्रेम असंच चालायचं, एकीने घाई करायची आणि दुसरीने सोसायचं. मध्ये एक परका माणूस स्टूल टाकून बसला म्हणून ते निदान कळलं.

त्यानंतर आई आणखी दोन उन्हाळे त्या खिडकीशी बसली. दोन ते चार गारवा, चारनंतर हाका. काका जाता-येता स्कूटर थांबवून "बाई, मशीन काय म्हणते?" असं ओरडायचे. मशीनला काही झालेलं नसायचं.

आई गेली तेव्हा काका तिसऱ्या दिवशी आले, अर्थात तीनलाच. मी न सांगता स्टूल ठेवलं. त्यांनी चपला काढल्या आणि बसले. तासभर आम्ही दोघं खिडकीकडे बघत होतो. कोळीण आली, पण ओरडली नाही. दाराशी टोपली उतरवून उभी राहिली आणि डोळे पुसून गेली. निघताना काका एवढंच म्हणाले, "बेन, आता तुमचं घर कधी बघायचं? नाशकाला येईन मी. फक्त तीनच्या आत पोचेल अशी एसटी बघून ठेवा."

मी एसटी बघायला चार वर्षं लावली. या वर्षी नाशिकही असह्य तापलं, तेव्हा एसीचं मनावर घेतलं आणि काकांना फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. काका चैत्रातच गेले होते, डहाणूजवळ विवळवेढ्याच्या देवीची जत्रा भरली होती त्या दिवसांत. ऐन उन्हाळ्यात, त्यांच्या धंद्याच्या वेळी. सून म्हणाली, "आजारी होते तरी विचारायचे, नाशिकवाल्या बेनचा फोन आला का?"

मग मी दुकानात गेले. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, खोली किती बाय किती?" मी सांगू शकले असते, पण म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तीन वाजता मी पंखा बंद केला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि हॉलमध्ये अनवाणी बसले. इथे कोण बसतं? मी. कुठल्या बाजूला तोंड करून? टीव्हीकडे. घाम येत होता, घड्याळ चालू होतं, आणि सहाव्या मजल्यावरची माझी खिडकी सताड उघडी होती.

चार वाजले, साडेचार वाजले. इथे बसलेल्या माणसाला हाक कोण मारतं? त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईल म्हणून मी स्टुलावरच बसून राहिले.