खोललेला गिअरबॉक्स

शौक हा शब्द आमच्या भागात चांगल्या माणसासाठी वापरत नाहीत. ज्याला शौक आहे त्याच्या घरी सोयरीक करताना लोक चारदा विचार करतात. मला शौक होता तो एका मोडक्या ट्रकचा. निजामाचं राज्य गेल्यावर वडिलांनी तो लष्कराच्या जुन्या सामानातून घेतला होता. परभणीच्या जिनिंगला कापूस नेऊन नेऊन तो थकला, तेव्हा त्यांनी त्याला गोठ्याशेजारी उभा केला तो कायमचाच. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत आणि मागच्या फळ्यांवर आई शेवया वाळत घाली. दुष्काळ सरला, पहिलं बरं पीक हाती आलं आणि माझ्या डोक्याने घेतलं की हा ट्रक पुन्हा चालता करायचा. नुसता चालता नाही, देखणा करायचा. वडील म्हणाले, "आधी बैलजोडी घे, मंग लोखंडाला पाणी पाज." मी ऐकलं नाही. ऐकून घेणं माझ्या स्वभावात नव्हतं, अजूनही फारसं नाही.

या वेडात मला एकच भागीदार मिळाला, गावच्या शाळेतला गुरुजी. तो आमच्याच गावचा, ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतला. चौथीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. यंत्र दिसलं की त्याचेही हात शिवशिवत. दर रविवारी तो जुना शर्ट घालून यायचा आणि आम्ही दोघं ट्रकखाली उताणे पडायचो. वरून गंज डोळ्यांत पडायचा आणि एकमेकांना शिव्या देत आम्ही एकेक नट सोडवायचो. गाव हसायचं. एखादा म्हातारा काठी टेकत यायचा, वाकून बघायचा आणि म्हणायचा, "काय, सापडलं का काई?"

ट्रकचा आम्ही कायापालट केला. केबिनचं टप कापून खाली घेतलं, म्हणजे ट्रक जरा मान वाकवून धावल्यासारखा दिसायला लागला. पूर्णेच्या भंगारवाल्याकडून पितळी पट्ट्या आणून पुढची जाळी नवी केली. ताडकळसच्या सुताराकडून मागे सागवानी फळ्या बसवून घेतल्या, त्यांना पॉलिश केलं. रंग मोरपंखी दिला. गिअरबॉक्स गुरुजीने एकट्याने बसवला. त्याचं पॅकिंग त्याने कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलं आणि तेलाचा एक थेंब बाहेर आला नाही. दसऱ्याला हँडल मारून ट्रक चालू केला, त्याला हार घातला आणि आम्ही दोघं ताडकळसच्या बाजारात जाऊन आलो. माणसं दुकानं सोडून बघायला आली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी बायकोसमोर बोलून बसलो होतो.

पण गावात चालती मोटार असली की ती एकट्याची राहत नाही. लग्नसराईत वऱ्हाडाला गाडी देणं हा दस्तूर. पहिलंच लग्न आमच्या भावकीतलं निघालं. मी ट्रक दिला. वऱ्हाड उतरलं तेव्हा नाल ठोकलेल्या चपलांनी सागवानावर ओरखडे पडले होते आणि पितळी पट्टीवर पानाची पिंक होती. मी संतापाने लाल झालो. आठवडाभर फळ्या घासत बसलो आणि घरात सगळ्यांना ऐकवलं की आता सख्खा भाऊ आला तरी ट्रक मिळायचा नाही.

त्यानंतर एका शनिवारी संध्याकाळी गुरुजी त्याच्या वडिलांना घेऊन आला. म्हातारा नवं धोतर नेसून आला होता. मी बाजेवर बसा म्हटलं तरी तो ओट्याच्या कडेला टेकला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. नवरदेव पालमकडचा. वऱ्हाड एसटीने फाट्यापर्यंत येणार होतं आणि फाट्यापासून गावापर्यंत आणायला त्याला ट्रक हवा होता.

इथे गावाची एक गोष्ट सांगायला हवी. फाट्यावरून येणारा रस्ता पुढे दुभंगतो. मोठा रस्ता वेशीतून, मारुतीसमोरून गावात जातो. दुसरी गाडीवाट ओढ्याच्या कडेने लांबून वळसा घेत बौद्ध वस्तीकडे निघते. त्या वस्तीची वरात वेशीतून कधी आली नव्हती. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, लिहायची कुणाला गरजच पडली नव्हती. बैलगाड्या आपोआप ओढ्याकडे वळायच्या. ट्रक मात्र त्या वाटेने जाऊच शकत नव्हता, ती वाट इतकी अरुंद होती. म्हातारा वेशीचं नावही काढत नव्हता. तो एवढंच म्हणाला, "मालक, पोरीचं वऱ्हाड तुमच्या गाडीतून यावं, एवढी हौस हाय." पण ट्रक मागणं म्हणजे वेस मागणं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी म्हणालो, "दिला असता हो, पण गिअरबॉक्स खोललाय."

ट्रक आमच्यासमोर उभा होता. सकाळीच मी तो ताडकळसपर्यंत फिरवून आणला होता, आणि गुरुजीने तो शाळेच्या खिडकीतून पाहिलाही असणार. त्याने ट्रककडे बघितलं, मग वडिलांकडे वळून म्हणाला, "व्हय बाबा. मीच खोललाय."

म्हातारा उठला. "मंग राहू द्या. बैलगाड्या हायेत की." त्याने मला नमस्कार केला आणि दोघं गेले.

फळ्यांवर ओरखडे पडतील म्हणून मी नाही म्हणालो, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण भावकीला मी ओरखडे पडायच्या आधी ट्रक दिला होता आणि याला पडल्यानंतर नाकारला, एवढाच फरक होता का, याचं उत्तर मी शोधलं नाही. वेशीतल्या लोकांची तोंडं माझ्या डोळ्यांपुढे आली होती, हे खरं.

दुसऱ्या दिवशी रविवार. गुरुजी नेहमीसारखा जुना शर्ट घालून आला. बसला नाही, पाणीही घेतलं नाही.

"चल, गिअरबॉक्स खोलायचा हाय," तो म्हणाला.

"अरे, कशाला? चांगला चालायलाय."

"बाबाशी मी आजवर खोटं बोललो न्हाई. काल बोललो. ते आता खरं कराया लागतंय."

त्या क्षणी एक वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. राहू दे, ट्रक घेऊन जा, मी स्वतः चालवत आणतो, वेशीतून आणतो. लग्नाला अजून अवकाश होता. त्याने खाली सरकून हात बाहेर काढला आणि मी त्याच्या हातात पाना दिला. मला जे काही खुपतं ते हेच. खोटं तर घाईत तोंडून गेलं होतं. पाने मात्र मी सकाळभर एकेक करून, मापं बघून देत राहिलो. त्याने तेल घमेल्यात काढलं, झाकण उघडलं, गिअर रॉकेलने धुतले आणि पोत्यावर ओळीने मांडले. ते स्वच्छ होते, एक दातही झिजलेला नव्हता.

लग्नात वऱ्हाड बैलगाड्यांतून ओढ्याच्या वाटेने आलं. मी लग्नाला गेलो होतो. मला पहिल्या पंगतीत बसवलं, आग्रह करकरून बुंदी वाढली. म्हातारा येणाऱ्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत होता, "ह्ये गाडी देणारच होते, पण गिअरबॉक्स खोललाय तिचा." गुरुजी वाढपात होता. माझ्या ताटात वरण वाढून तो पुढे सरकला.

परतताना वेशीत आमच्या भावकीतला एक जण भेटला. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "लय बरं केलंस. गाडी दिली असती तर उद्यापासून त्यांची हरेक वरात वेशीतूनच आली असती."

मी म्हणालो, "तसं काही नाही. गिअरबॉक्स खरंच खोललाय." तो हसायला लागला. मला राग आला. मी त्याला हाताला धरून गोठ्याशेजारी नेलं आणि पोत्यावरचे गिअर दाखवले. ते बघून तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. "पक्कं काम केलंस गड्या. नुसतं बोलला न्हाईस, खोलूनच ठिवलास." जातपात पाळतात म्हणून मी ज्यांना आयुष्यभर नावं ठेवली ती माणसं त्या दिवसापासून मला आपला मानायला लागली.

पुढे एका रविवारी गुरुजी आला आणि त्याने गिअरबॉक्स पुन्हा बसवला, पूर्वीइतकाच नेटका. तोवर ट्रकखाली आम्ही एकमेकांना अरे-तुरेच करत असू. त्या दिवशी तो म्हणाला, "मालक, तेवढा तेलाचा डबा द्या." मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

काही दिवसांनी त्याची बहीण पहिल्यांदा माहेरी येणार होती. गुरुजी मुराळी म्हणून तिला आणायला गेला होता. मला खबर लागली तशी मी ट्रक धुतला, मागे सतरंजी अंथरली आणि फाट्यावर जाऊन थांबलो. एसटीतून दोघं उतरली. तिच्या हातात पत्र्याची पेटी होती. मी पुढे होऊन म्हणालो, "बस, ट्रकनेच जाऊ."

तिने भावाकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. मग ती नम्रपणे म्हणाली, "नको भाऊ. तुमचा गिअरबॉक्स नाजूक हाय म्हनं. आमचं ओझं कशाला?" ती हे मनापासून म्हणाली की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

दोघं चालायला लागली. त्यांना मागे टाकून जावं तर धूळ त्यांच्या अंगावर आली असती. म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागेमागे निघालो. रिकामा ट्रक, रिकामी सतरंजी आणि पुढे पेटी घेऊन चालणारी बहीणभावंडं. रस्ता दुभंगला तिथे ती ओढ्याकडे वळली. मी उडी मारून खाली उतरलो.

"अगं, वेशीतून चला ना. मी सोबत आहे."

"हिकडून जवळ पडतंय," ती म्हणाली.

तिकडून जवळ पडत नव्हतं. दुप्पट लांब पडत होतं, आणि ती त्याच गावात वाढली होती. मी ती दोघं बाभळींआड जाईपर्यंत उभा राहिलो. त्यांच्या वाटेने ट्रक जाण्यासारखा नव्हता. मग मी केबिनमध्ये चढलो आणि वेशीतून, मारुतीसमोर बसलेल्या माणसांचे रामराम घेत, रिकामा ट्रक घरी नेला.