करंजाखालची हाक

आमच्या तलावावर आता बोटींचा धक्का झाला आहे. सिमेंटचा, पिवळ्या कठड्याचा. शेजारी बगीचा, चालायला लाल फरशीची वाट आणि पाण्यात प्लास्टिकची मोठाली बदकं, पायडल मारून चालवायची. रविवारी अर्धं नागपूर तिथं लोटतं. छान आहे, मी नाही म्हणत नाही. पूर्वी त्या काठावर चिखल होता आणि त्या चिखलात आम्ही.

बाबांकडे तलावात शिंगाडा लावायचा ठेका होता. पावसाळ्यात वेल लावायचे आणि दसऱ्याच्या आगेमागे तोड सुरू व्हायची. बाबा दिवसभर डोंग्यात, त्या अरुंद लाकडी होडीत बसून वेल उलटे करत आणि शिंगाडे तोडत. काट्यांनी त्यांची बोटं काळी पडून फाटायची. माय काठावर, करंजाच्या झाडाखाली, दगडांच्या चुलीवर गंजात शिंगाडे उकडायची आणि तिथंच विकायची. दुपारी भाकरीचं फडकं सोडलं की ती पाण्याकडे तोंड करून हाक मारायची, "अजीऽऽ, या नाऽऽ जेवाले!" बाबा मान वर करत नसत. मग दुसरी हाक, तिसरी हाक. तेव्हा कुठं डोंगा वळायचा. काठाला लागले की म्हणायचे, "आयकू नाई आलं वं. वारा होता." पान हलत नसलं तरी यांचा वारा असायचाच. माय जन्मभर म्हणत आली, "बहिऱ्याच्या गळ्यात बांधली मले माह्या बापानं."

डोंग्याचे आमच्या घरात कायदे होते. चप्पल घालून त्यात पाय ठेवायचा नाही, हा एक. आणि वेल उभे असताना बाईनं त्यात बसायचं नाही, बसली तर शिंगाडा पोचट निघतो, हा दुसरा. शिंगाडा मायनं पाण्यात पाऊल न टाकताही पोचट निघायचा, पण कायदा तो कायदा. ज्या पाण्यावर आमची चूल पेटत होती, त्या पाण्यावर माय कधी गेली नाही. "वेल निघाले का तुले फिरवून आणतो," असं बाबा दर वर्षी म्हणत. वेल निघाले की दुसरी कामं निघत.

मग बगीचा आला आणि ठेका गेला. सगळ्यांसाठी धक्का होणार हे ऐकून बाबांनी हौसेनं डोंग्याला डांबर लावलं. सगळ्यांमध्ये आपलाही डोंगा आला, असा त्यांचा हिशेब. धक्का झाला, तिथं फक्त बदकं लागली आणि त्या सगळ्यांत डोंगा काही बसला नाही. तेव्हापासून तो अंगणात पालथा पडला आहे, आणि बाबांनी बगीच्याच्या फाटकात पाय ठेवला नाही. माय त्या डोंग्याच्या पाठीवर मूगवड्या वाळत घालायची. बाबा बघून न बघितल्यासारखं करायचे.

मागच्या दिवाळीनंतर मायच्या पायांवरची सूज उतरेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता त्यांना जे आवडतं ते करू द्या. मी कामठीहून रोज येऊ लागले. मायला विचारलं, काय खावंसं वाटतं? ती म्हणाली, "खाण्याचं राहू दे. मले एक बार त्या बदकात बसव. यायच्यासंगं."

बाबा भडकले. "मी? त्या पिलास्टिकच्या बदकात? लोकं हासतीन." मी हात जोडले, भांडले, बोलायचं बंद केलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मायच म्हणाली, "जाऊ दे वं, आपण दोघी जाऊ. त्याईचा डोंगाच पालथा नाई, डोकंबी पालथं हाय."

कोवळ्या उन्हात मी तिला रिक्षानं फाटकापर्यंत आणि तिथून धरून धरून धक्क्यावर नेलं. फुगीर केशरी जॅकेटात ती एवढीशी दिसत होती. पायडल मी एकटीच मारत होते. मध्यावर गेल्यावर ती म्हणाली, "थांबव."

करंज अजून उभा आहे. बगीचावाल्यांनी त्याला गोल ओटा बांधला आहे. माय त्याच्याकडेच पाहत होती.

"तेथूनच हाका मारत होती मी," ती म्हणाली. "मले वाटे, इतक्या दुरून याईले काय दिसत असंन! पण येथून तं सारं दिसते वं. चूल दिसत असंन. मीबी दिसत असंन."

आणि मग मला हलवून, तिकडे बोट दाखवत म्हणाली, "तो पाय, कोण हाय!"

करंजापाशी बाबा उभे होते. बगीच्यात, आमच्या मागोमाग आलेले. मायनं हात वर केला. त्यांनी केला नाही, पण गेलेही नाहीत. माय हसायला लागली आणि हसता हसता तिला धाप लागली. परतलो तेव्हा बाबा धक्क्यावर आले होते; तिनं तिथंच त्यांना विचारलं, "अजी, तवा डोंग्यातून मी दिसत होती का जी तुमाले?"

"ऊन लागून राहिलं तुले. चाल घरी," बाबा म्हणाले.

संक्रांतीच्या आधी माय गेली.

तेरवी झाल्यावर घर रिकामं झालं. बाबा अंगणात डोंग्याला टेकून बसले होते. अचानक उठले. "चाल वं. बदकात बसाचं हाय." मला राग आला. तिनं मागितलं तेव्हा लोक हसणार होते. आता बैल गेला अन् झोपा केला. पण त्यांचं तोंड पाहून मी चपला घातल्या.

धक्क्यावर त्यांनी चपला काढून कडेला नीट ठेवल्या. जॅकेट देणारा म्हणाला, "काका, चप्पल राहू द्या पायात." बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. अनवाणी बसले. बापलेकीनं पायडल मारत बदक मध्यावर नेलं. बाबांनीच ते वळवून करंजाकडे तोंड केलं. ओट्यावर कॉलेजच्या पोरी फोटो काढत होत्या.

"लाल लुगडं नेसली का लगेच दिसे," बाबा म्हणाले. "हिरवं नेसली का झाडात मिसळून जाय. मंग हाकेची वाट पाहो मी."

"हाक तर तुम्हाला ऐकूच येत नव्हती, बाबा."

"येत होती. पैलीच येत होती."

"मग काहून येत नव्हते?"

त्यांनी पायडलवरचे पाय काढून घेतले. मग म्हणाले, "पैल्या हाकेले आलो असतो, तं तिनं दुसरी कायले मारली असती?"

मला रडू फुटलं. हे ऐकायला मी काय कामाची? हे मायला सांगायचं होतं. ती बहिऱ्याची बायको म्हणून गेली.

आमची वेळ संपली होती. धक्क्यावरून शिट्टी झाली. मी पायडलवर पाय ठेवला, तर बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब."

शिट्टी पुन्हा झाली, मग तिसऱ्यांदा. बाबा करंजाकडेच पाहत बसले होते.