एका चौकटीचे शेजारी

उद्धव शेवडे वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. पण तो इतका भला आहे की त्याच्यावर धड रागवताही येत नाही, आणि राग तर डोक्यात गच्च बसलाय.

इथे परदेशात, बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये मी आठव्या मजल्यावर, तो अकराव्या. पुण्याचा, पन्नाशीला टेकलेला. वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. मला निशिगंधाताई म्हणतो. त्याची बायको वीणा माझी मैत्रीण. मूलबाळ नाही. ह्याला नाद एकच, शब्दांचा. हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांपाशी रांगेत उभा राहून चहावाल्या काकांना विचारणार, कॉफीला म्हणता तो 'कोपी' शब्द कुठून आला हो? मागे लोक खोळंबलेत, ह्याला पत्ता नाही.

त्याच्या शेजारच्या घरात नोराआंटी. मूळच्या आयर्लंडच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातल्या. तरुणपणी इथे शाळेत शिकवायला आल्या, इथल्याच चिनी माणसाशी लग्न केलं, इथेच विधवा झाल्या. ऐंशीला आलेल्या. मुलगा डेरेक पर्थला. मायबोलीत, म्हणजे आयरिशमध्ये बोलायला कोणी नाही, त्यात उद्धवसारखा श्रोता मिळाला, मग काय, बाई सुटल्याच. रविवारी सकाळी दोघं कॉरिडॉरमध्ये स्टुलं टाकून बसायचे, आणि मी वीणाकडे गेलेली असले की मलाही ऐकावं लागायचं.

एकदा आंटींनी 'कोर्सा' काढला. कोर्सा म्हणजे शेजारी. लिहिताना त्यात 'म' आणि 'ह' येतात, बोलताना दोघंही गायब. त्यातला 'को' म्हणजे सह, एकत्र. आणि जुन्या आयरिशमध्ये 'उर्सा' म्हणजे दाराच्या चौकटीचं उभं लाकूड. ज्यांच्या दाराची चौकट सामाईक, ते शेजारी. उद्धव उठून दोन दारांमधल्या भिंतीवर हात ठेवून आला. मग रूपं सुरू झाली. एक कोर्सा, अनेक कोर्सना. शेजाऱ्याचं घर म्हणायचं तर कोर्सन, शेजाऱ्यांचं म्हणायचं तर सुरुवातच बदलून गोर्सन. हाक मारायची तर 'अ खोर्सा'. शेजारधर्माला आणखी वेगळा शब्द, कोर्सनख्त. माझं डोकं गरगरायला लागलं. वर हा शब्द म्हणे स्त्रीलिंगी.

"शेजारी पुरुष असला तरी?" उद्धवने विचारलं.

"तरीही. तू स्त्रीलिंगीच," आंटी म्हणाल्या. वीणा हसून हसून बेजार. तेव्हापासून आंटी भिंतीवर टकटक करून 'अ खोर्सा!' अशी हाक मारायच्या, आणि हा आतून ओ द्यायचा.

आंटी काचेच्या भांड्यातून कधी सोडाब्रेड, कधी सफरचंदाचा केक पाठवायच्या. वीणा ते भांडं रिकामं कधीच परत करायची नाही. चकली, नारळाच्या वड्या, अगदीच काही नसलं तर चार केळी. आपल्यात ही रीतच आहे, कुणी शिकवावी लागत नाही.

यंदा वीणाचे वडील पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती पुण्याला गेली. ती गेली नि इकडे आंटी बाथरूममध्ये घसरल्या. फार लागलं नाही, पण बराच वेळ उठता येईना. डेरेकने फोनवर निक्षून सांगितलं: रोज डोकावून जाईन असं शेजारचं कुणी कबूल करत असेल तर राहा, नाहीतर वृद्धाश्रमात जायचं. आंटी केकचं भांडं घेऊन उद्धवकडे आल्या. म्हणाल्या, "सकाळी ऑफिसला जाताना दार वाजव. मी 'आहे' म्हटलं की तू जा. एवढंच. जमेल?"

उद्धव म्हणाला, "वीणाशी बोलून सांगतो."

आता ह्यात बोलायचं काय होतं? पण आपल्या माणसांना सवय, घरात विचारल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. वीणा फोनवर म्हणाली, "अरे, विचारतोस काय? लगेच हो म्हण!" हाही मनातून कधीच हो म्हणून बसला होता. आणि घोडं अडलं ते भांड्यापाशी. इतकं चांगलं बोलायला जायचं ते रिकामं भांडं घेऊन? वीणा म्हणाली होती, शनिवारी येतेच, आल्यावर रव्याचे लाडू करते. मग वडिलांची तब्येत बिघडली, शनिवार पुढे गेला, त्याच्या पुढचाही गेला.

मला ह्या हो-नाहीचं काहीच ठाऊक नव्हतं. मी एकदा भाजी द्यायला गेले तर टेबलावर ते भांडं, धुऊन पुसून ठेवलेलं.

"अरे, हे द्यायचं राहिलंय वाटतं?"

"भरून द्यायचंय ना, ताई."

"मग चिमूटभर साखर घाल नि देऊन टाक. नाहीतर खालून बिस्किटं आण."

"विकतचं? त्यांनी हाताने केलेलं दिलंय."

कपाळ माझं! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी दोन शब्द सुनावून खाली आले.

लिफ्टकडे जायचं तर आंटींच्या दारावरून जावं लागतं. म्हणून हा गृहस्थ दुसऱ्या टोकाचा जिना उतरायला लागला. संध्याकाळी कधी धीर करून त्यांच्या दारापर्यंत जायचा, हात हलवत आत कसं जायचं म्हणून मागे फिरायचा. एकदा भिंतीवर टकटक झाली, हाकही आली. हा आत श्वास रोखून उभा राहिला. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं, आणि ऐकताना माझे हात असे शिवशिवत होते म्हणता!

त्यानंतर भिंत वाजली नाही.

शेवटी ह्याने स्वतःच लाडवांचा घाट घातला. वीणा व्हिडिओ कॉलवर, हा गॅसपाशी. पहिल्यांदा रवा जळला, मग पाक दगड झाला. अखेर कसेबसे वळले गेले, वेडेवाकडे. भांडं भरून हा शेजारी गेला तर दार सताड उघडं. डेरेक खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. आंटींना आदल्याच दिवशी सेंगकांगच्या वृद्धाश्रमात नेलं होतं.

हा तसाच भांडं घेऊन माझ्या दारात. सगळं ओकला. तेव्हा मला कळलं की नुसत्या भांड्याची गोष्ट नव्हती. मी चप्पल घातली, त्याच्या दंडाला धरलं आणि MRTत, म्हणजे मेट्रोत बसवलं. वाटेत तोंड उघडलं असतं तर डब्यातले लोक बघत राहिले असते.

आंटी खिडकीपाशी बसल्या होत्या. आम्हाला बघून खुलल्या. लाडू उचलला, अर्धा खाल्ला.

"वीणा आली?"

"नाही, आंटी. मीच केले." पुढचं मीच सांगून टाकलं. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, त्याचा नकार कधीच नव्हता, तो लाडवांसाठी थांबला होता. माझ्याच कानांना ते इतकं खुळचट वाटत होतं.

आंटींनी उरलेला लाडू हातात तसाच धरला.

"मला वाटलं, तुला नाही म्हणायला अवघड जातंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या चपला मला ओळखू येतात. संध्याकाळी दाराशी यायच्या. मी खुर्चीत सावरून बसायचे, आता वाजवेल म्हणून. मग चपला परत जायच्या. मी हाक मारली, तीही नको होती तुला. माझ्यापायी तू जिन्याने जायला लागलास. ते काही मला बघवेना. म्हणून मीच डेरेकला फोन केला. म्हटलं, ये आणि ने मला."

"आंटी, परत चला. आजच चला. मी रोज येतो, दिवसातून दोनदा येतो."

"घरात भाडेकरू येतायत रे. सह्या झाल्या."

उद्धव तिथेच, सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडायला लागला. आणि ज्यांचं घर गेलं होतं त्या आंटीच त्याची पाठ थोपटत म्हणत राहिल्या, "असू दे, असू दे, लाडू फार छान झालेत."