गिरणीवाल्याची नवी कॅसेट

आमच्या घरात त्या परदेशी गायकाला नाव नव्हतं. म्हणजे त्याचं त्याला होतं, चांगलं दोन शब्दांचं, पण आईला ते उच्चारता येत नव्हतं आणि उच्चारायची हौसही नव्हती. कॅसेटच्या कव्हरवर त्याचं तोंड पांढरंफटक रंगवलेलं असायचं, डोळ्यांभोवती काळं. आईनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, हा काय पिठाच्या गिरणीत पडला होता का? तेव्हापासून तो गिरणीवाला. पुढे आम्ही जायचो त्या बारामतीच्या कॅसेटच्या दुकानातही त्याचं हेच नाव पडलं.

गिरणीवाल्याचा नाद मूळचा दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. त्याच्याकडून तो मला लागला. आम्ही शेळगावचे. तो बारामतीला कॉलेजला जायचा, मग मीही जायला लागले, आणि परतीची एसटी यायच्या आधी आम्ही स्टँडजवळच्या एका कॅसेटच्या दुकानात शिरायचो. दुकानदार मुसलमान, दादापेक्षा थोडा मोठा, वडिलांनी घातलेलं दुकान चालवायचा. पुढच्या फळीवर भीमगीतं, कव्वाल्या, लग्नाची गाणी. खाली एका खोक्यात इंग्रजी माल. पुण्याहून एक कॅसेट आणायची आणि तिच्यावरून बाकीच्यांना भरून द्यायची, अशी त्याची रीत. चौथा आमचा एक कन्हेरीचा मित्र, दादाच्या वर्गातला. इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात गिरणीवाल्याचे चाहते म्हणजे आम्ही चौघं आणि शेतकी कॉलेजच्या हॉस्टेलवरची काही पोरं. एक पोरगी त्या पोरांत उभी राहून असली गाणी ऐकते म्हणून लोक बोलायचे. बोलोत. मी ऐकायचं सोडलं नाही.

लोकांना वाटायचं ही सैतानाची गाणी. कसलं सैतान आणि कसलं काय! आम्ही तर पोट धरून हसायला ऐकायचो. त्याच्या गाण्यांत दारं करकरायची, साखळ्या फरफटायच्या, मध्येच कुणीतरी किंचाळायचं आणि शेवटी तो स्वतःच खदाखदा हसायचा. स्टेजवर म्हणे शवपेटीतून उठून यायचा. दादानं कॉलेजच्या गॅदरिंगला तोंडाला पावडर फासली आणि फ्रीजच्या रिकाम्या खोक्यातून उठून गाणं सुरू केलं, तेव्हा सरांनी माईक बंद करायला लावला. दादा माईकशिवाय गात राहिला. असा होता तो. बोलून बोलून समोरच्याचं डोकं खायचा. एसटीत शेजारी बसलेला माणूस इंदापूरचं तिकीट काढून वाटेत लासुर्ण्यालाच उतरतो की काय असं वाटायचं.

मग तो पुण्याला एका कारखान्यात लागला आणि वर्षाच्या आत परत आला. बॅग ओसरीवर ठेवली, चहा घेतला, बाजेवर बसला आणि बोलायचा थांबला. पुण्यात काय झालं ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, आणि आज जे कळलंय तेही अर्धंमुर्धं. वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, पुण्याला जाऊन विचारून आले, तर कुणी धड काही सांगेना. दादा जेवायचा. अंघोळ कर म्हटलं की करायचा. शब्द मात्र एक नाही, साधं हो नाही की नको नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो झोपायला लागला, एवढाच फरक.

घर बधिर झालं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं काहीतरी. आई भाकरी थापायची, आण्णा पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात इंदापूरला जायचे, मी कॉलेजला जायचे. संध्याकाळी घरात पाय टाकला की मी आईकडे बघायचे, आई मान हलवायची, आणि मी पाय धुवायला जायचे. विचारायचंसुद्धा बंद झालं होतं. मला रडू येत नव्हतं. माझा निकाल चांगला लागला, तो मी शेजारच्या कुणाचा तरी असल्यासारखा वाचला आणि घडी घालून ठेवला. आम्हा तिघांना एकच हवं होतं, त्यानं तोंड उघडावं. शिवी दिली असती तरी चालली असती.

मग सांगवीहून आत्या आली. दुसऱ्याच दिवशी तिनं निदान केलं की पोराला बाहेरचं झालंय. कुठून आलं? तर त्या कॅसेटींतून. कव्हर बघा म्हणाली, हे काय माणसाचं तोंड आहे? कॅसेटी जाळायच्या आणि पोराला तिच्या माहितीतल्या देवऋष्याकडं न्यायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. आई मनातून तयार झाली होती. मी आईला बोल लावत नाही, तिला त्या वेळी कुणी आडात उडी मार म्हटलं असतं तर तिनं पदर खोचला असता. पण आण्णा भडकले. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देवांचे टाक, अंगारे, उतारे, सगळं एका दिवसात सोडलं होतं, आणि त्या बाबतीत आण्णा आजोबांपेक्षाही कडक. देवऋषी नाही म्हणजे नाही. वर कॅसेटींनाही कुणी हात लावायचा नाही. खरं सांगायचं तर ती गाणी आईपेक्षा आण्णांच्याच जास्त डोक्यात जायची. तरी ते आत्यापुढं उभे राहिले.

"कॅसेट जाळली म्हंजी तिच्यात भूत हाय हे मी कबूल केलं," ते म्हणाले. "आमच्या घरात भूत न्हाय. आजारी माणूस हाय."

आत्या तोंड वाकडं करून सांगवीला गेली. कॅसेटी कपाटावर तशाच राहिल्या, ऐकत कुणीच नव्हतं.

त्याच दिवसांत मला दुकानदारानं हाक मारली. गिरणीवाल्याची नवी कॅसेट आली होती, कित्येक वर्षांनी. दादानं ती पुण्याला जायच्या आधीच सांगून ठेवली होती. मी दुकानात गेले तर कन्हेरीचा मित्र आधीच येऊन बसलेला, चेहरा असा की कुणीतरी त्याला फसवलंय. कव्हर हातात घेतलं आणि मलाही आधी कळेना. तोंडाला पीठ नव्हतं. काळ्या शर्टातला एक थकलेला म्हातारा, बस्स.

दुकानदारानं कॅसेट लावली. गिटारी इतक्या खाली उतरलेल्या की उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढ चढतोय असं वाटत होतं. दार करकरलं नाही, साखळी वाजली नाही. किंचाळणं नाही. तो साध्या आवाजात, रेटून, एकाच सुरात काहीतरी सांगत होता. झोप येत नाही, भिंती जवळ येतात, असलं काहीतरी. आणि हसणं तर नावालाही नाही. मित्राचं म्हणणं पडलं की म्हातारा हल्लीच्या पोरांची नक्कल करतोय. सगळे जड वाजवायला लागले म्हणून हाही लागला, स्वतःचं होतं ते घालवून बसला. दुकानदार म्हणत होता की नाही, आत्ता कुठं हा माणूस खरं बोलायला लागलाय, आधी नुसता तमाशा होता. दोघांची चांगलीच जुंपली. मित्र म्हणाला, तमाशाच तर पाहिजे होता की आपल्याला!

मला विचारलं. मी म्हटलं, मला काही वाटत नाही. त्यांना वाटलं मी टाळतेय. पण मला खरंच काही वाटत नव्हतं, ना चांगलं ना वाईट. आत जागाच नव्हती म्हणा, किंवा नुसती जागाच होती.

हॉस्टेलच्या पोरांनी तर कहर केला. भरून नेलेल्या कॅसेटी त्यांनी परत आणून टाकल्या, म्हणाले, बदलून द्या, ह्यात चुकून दुसराच कुणीतरी भरलाय. दुकानदारानं काय करावं? त्याच कॅसेटींवर लग्नाची गाणी भरून विकल्या. त्यातल्या एका कॅसेटीत शेवटच्या थोड्या पट्टीवर जुनंच गाणं राहिलं होतं. कन्हेरीत एका हळदीला बायका नाचता नाचता अचानक गिरणीवाला घोंघावायला लागला, आणि मांडवातली म्हातारी माणसं मशीन जळालं म्हणून धावली. मित्रानं हे मला रंगवून सांगितलं. एरवी मी हसून हसून वेडी झाले असते. तेव्हा नुसतं हूं म्हटलं.

दादाची कॅसेट मी घरी आणली. तो बाजेवर होता, तोंड भिंतीकडं. मी काही न बोलता टेप लावला आणि बाजूला बसले. जळलं मेलं काय ते, असं पुटपुटत आई दारात येऊन उभी राहिली. पहिली बाजू संपली, बटण खट्टकन वर आलं. आणि दादा उठला. कुणी न सांगता. त्यानं कॅसेट काढली, उलटी केली, बटण दाबलं आणि परत जागेवर जाऊन बसला.

आईनं ते पाहिलं. मी पण पाहिलं, पण मी काय पाहिलं ते मला आईच्या तोंडाकडं बघून कळलं. ती पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. रात्री तिनं आण्णांना सांगितलं, पोराला ती गाणी आवडत्यात. आण्णा म्हणाले, मग लावत जा.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात गिरणीवाला नेमानं वाजायला लागला. आईला बटणं कळत नव्हती म्हणून मी वाजवायच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. सकाळची भांडी झाली की ती टेपापुढं बसायची, ठिपका दाबायची आणि डाळ निवडायला घ्यायची. पहिली बाजू, मग दुसरी. आता कॅसेट तीच उलटी करायची, दादा पुन्हा उठला नाही. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं, टेप रखडायचा आणि गिरणीवाला आणखीनच जड व्हायचा. शेजारची बाई विचारून गेली, तुमच्यात कशाचं मशीन बसवलंय व्हय? आई म्हणाली, औषध हाय ते. एकदा ती भाकरी थापता थापता तो सूर गुणगुणत होती, तिच्या ध्यानातही नव्हतं. 

कन्हेरीचा मित्र एकदा दादाला भेटायला आला. दादापुढं बसून त्यानं नव्या कॅसेटीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मला वाटतं, दादा भांडेल अशी त्याला आशा होती. पूर्वी दादानं त्याला एका गाण्यावरून दोन दिवस छळलं असतं. दादा भिंतीकडं बघत राहिला. जाताना मित्र फाटकापाशी रेंगाळला. मी त्याला म्हटलं, एसटी चुकेल तुझी.

हिवाळा आला. ऊसतोड सुरू झाली. माझा तर धीर संपला होता. खरं म्हणजे धीर संपल्याचंही काही वाटत नव्हतं, दादा असाच राहणार हे मी मनात लिहूनच टाकलं होतं. आई मात्र रोज ठिपका दाबत होती. एका रविवारी ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, मी केस विंचरत होते, आण्णा अंगणात सायकल पुसत होते. पहिली बाजू संपली. आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, कॅसेट उलटी करायला.

"आई, नगं आता," दादा म्हणाला. "भिकार कॅसेट हाय."

आवाज घोगरा होता, बसलेला. आई टेपावर हात ठेवून तशीच वाकून राहिली. बाहेर सायकलीचं चाक फिरत होतं ते थांबलं.

"काय म्हणलास?" आईनं विचारलं. ती वळली नाही. वळली तर तो गप्प होईल असं तिला वाटलं असावं.

"भिकार हाय म्हणलं. एकदा बी हसत न्हाय त्यो."

आमच्या टोळक्यात एक नियम होता, दादानंच घातलेला. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कॅसेटीला नावं ठेवायची नाहीत. म्हणून तो त्या पहिल्या दिवशी कॅसेट उलटी करायला उठला होता. आवडली म्हणून नाही. त्याला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती, हॉस्टेलच्या पोरांइतकीच नावडली होती, आणि आईनं ती त्याला सकाळ-संध्याकाळ, महिनोन्महिने पाजली होती.

आण्णा दारात आले होते. हात काळे, तसेच पुढं धरलेले. आईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि मग ती दादाकडं गेली.

"मग आधी न्हाय का सांगायचं, मेल्या?" ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग दुसरा घातला. तिसऱ्यांदा उचललेला हात तिला मारता आला नाही, तो तिनं त्याच्या शर्टात घट्ट मुठीत धरला आणि ती मोठ्यानं रडायला लागली.