स्नूकरच्या टेबलावर वाकताना

मुलगा पुण्याला हॉस्टेलला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. धूळ पुसताना एकदा मी तो चालू केला आणि त्यातला स्नूकरचा गेम उघडला. हिरव्या टेबलावर एक लाल चेंडू खिशात घालायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल, एवढं पोराला खेळताना बघून ठाऊक होतं. बाकीचं खेळता खेळता आलं. गेम अगदी खऱ्यासारखा होता. पांढऱ्या चेंडूला खालच्या अंगाला टोचलं की तो लालला धडकून मागे यायचा. जोर थोडा जास्त झाला की कडेला आपटून भलतीकडेच जायचा.

आमचं घर श्रीगोंद्याजवळ, मळ्यात. नवरा साखर कारखान्यात नोकरीला; गाळप सुरू झालं की त्यांच्या पाळ्या बदलत राहायच्या. दुपारी सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसायच्या आणि मी आत दार लोटून खेळायचे. त्यांनी विचारलं तर सांगायचे, कॉम्प्युटर शिकतेय. चाळिशी उलटलेली बाई पोरांसारखी गेम खेळते, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

एका दुपारी नवरा पाळीवरून लवकर आला आणि माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला. चाहूल लागली तशी मी माऊस सोडून पदर सावरला.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "तो निळा जातोय का बघू दे की."

निळा गेला. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. मला रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांना कौतुकच वाटलं. इतकं, की दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगून आले, "आमच्या घरात स्नूकरची खेळाडू हाय." त्यांच्या एका सोबत्याच्या भावाचा नगरला स्नूकरचा क्लब होता. त्यानं निरोप धाडला, वहिनींना घेऊन या.

सासूबाईंचे डोळे दाखवायला नगरला जायचंच होतं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तपासलं, काळा चष्मा दिला, आणि त्यांना हाताला धरून आम्ही तिघं एका दुकानावरचा जिना चढलो. क्लबमध्ये कॉलेजची पोरं होती, दोघं-तिघं मोठी माणसं होती. बाई एकही नव्हती. सगळ्यांनी खेळ थांबवून आम्हाला जागा करून दिली. सासूबाईंना भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं.

टेबल एवढं मोठं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर ते माझ्या दोन हातांच्या मध्ये मावायचं. इथे पांढरा चेंडू मधोमध पडलेला, त्याच्यापर्यंत पोचायचं तर टेबलावर पार आडवं व्हायला हवं होतं. क्लबवाल्या भाऊंनी काठी हातात दिली. म्हणाले, "वहिनी, खाली वाका. हनुवटी काठीला लागली पाहिजे."

गेममध्ये माझ्याऐवजी जाकीट घातलेला एक माणूस वाकायचा. त्याच्या पाठीकडे मी कधी बघितलंही नव्हतं. आता मी साडीत उभी होते आणि माझ्या पाठीमागे परक्या पुरुषांची रांग होती. त्यातलं कुणी वाकडं बघत नव्हतं, हे मला आजही मान्य आहे. बिचारे मन लावून बघत होते, मी काय मारते ते. पण मला वाकता येईना. पदर खांद्यावरून पुढे घेतला, कमरेला खोचला, पुन्हा काढला. शेवटी तशीच ताठ उभी राहून, हात लांबवून मारलं. काठी घसरली, पांढरा चेंडू उडाला आणि टेबलाबाहेर फरशीवर आदळला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका पोरानं चेंडू उचलून, शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. "होतं काकू असं," म्हणाला.

मी नवऱ्याकडे बघितलं. ते भिंतीवरचा गुणफलक वाचत होते. त्यावर काहीच मांडलेलं नव्हतं.

"झालं का खेळून?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना सगळं धूसर दिसत होतं.

"झालं," मी म्हणाले आणि काठी टेबलाला टेकवून ठेवली.

परत येताना नवऱ्यानं गाडी नगरच्या बाहेर काढली. मग म्हणाले, "वाकायला काय झालं हुतं?"

मी बाहेरचा ऊस बघत राहिले. मागून सासूबाई म्हणाल्या, "आमी जल्मभर लोकाच्या रानात वाकून खुरपलं. कुनाकडं बघत बसलो असतो तर खुरपनं झालं असतं व्हय?"

त्या मला समजावत होत्या की टोमणा मारत होत्या, कळलं नाही. दोन्ही असेल. माझे कान मात्र तापले. चेंडू हुकला याची लाज एवढ्यात ओसरली होती. आता वाटत होतं, त्या माणसांनी मला खेळाडू समजून जागा दिली आणि मी तिथे पदरच सावरत बसले.

काही दिवस कॉम्प्युटर उघडला नाही. मग पुन्हा खेळायला लागले, आता दार न लोटता. सासूबाई कधी आत येऊन बसतात आणि कुठला रंग गेला ते विचारतात. हात अजून चांगला बसतो.

दिवाळीला मुलगा आला. त्याला सगळं कळलं होतं. "आई, आपण दोघं जाऊ नगरला," तो म्हणाला. "मी शिकवतो तुला उभं कसं राहायचं ते."

"नको रे," मी म्हणाले, "कंबर धरलीय माझी."

कंबर चांगली धडधाकट होती. त्याच सकाळी मी वाकून अख्खं अंगण सारवलं होतं, आणि ते त्यानं पाहिलं होतं.