कुरुळीच्या रानाची निळी गोधडी

चार माणसं सारखी एका ठिकाणी जमली की किस्से साठतातच. शिलाई मशीनखाली चिंध्या साठाव्यात तसे. मला रोज लिहून ठेवायची सवय, म्हणून आमचे टिकले, एवढंच.

आम्ही तिघं. काळेवाडीत शिवणकाम करणाऱ्या, मूळच्या लातूरकडच्या शोभाताई. आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर, कुरुळीचे दत्ताभाऊ. आणि त्याच कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधली मी. उद्योग असा: सुती कापडाला अंधाऱ्या खोलीत केमिकल लावून वाळवायचं, वर पानंफुलं मांडून उन्हात ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, पानाखाली पांढरं! मी व्हिडिओ बघून शिकले आणि या दोघांना नादी लावलं.

दत्ताभाऊंना मात्र घाई होती. त्यांनी रान गोडाऊनसाठी विकलं होतं. जेसीबी यायच्या आत त्या रानातली झाडंझुडपं कापडावर उतरवायची होती, आईच्या गोधडीसाठी.

"सही केली तवापासून आई माझ्याशी बोलत न्हाई," ते म्हणाले. "निदान गोधडी तरी घेईल."

पहिल्याच रविवारी कोरं मांजरपाट तसंच वापरलं. त्याची खळ काढायची असते, हे कुणाला ठाऊक! धुतल्याबरोबर सगळा निळा रंग माझ्या बिल्डिंगच्या टेरेसच्या पन्हाळीतून खाली. खालच्या मजल्यावरून आवाज आला, "अहो, कुणाची शाईची बाटली फुटली का?"

मी हिरमुसले. शोभाताईंनी कात्री उचलली. "फाडा अजून कापड. आपण काय रडत बसायलोत का?"

पुढच्या वेळी खळ काढली, पानं नीट मांडली, टेरेसवर ऊनही कडक. आम्ही चहाला खाली उतरलो. वर आलो तर कापड गायब! शेजारच्या मावशी हसत पुढे आल्या.

"तुमच्या चादरीवर केवढा पाला उडून आला होता! सगळा झटकला आणि घडी घालून ठेवली."

आम्ही मावशींना 'थँक यू' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हातमोजे घालायचा मला कंटाळा. एका सोमवारी दहाही बोटं निळी घेऊन गेटवर पंच करायला गेले. सिक्युरिटीवाल्या भाऊंनी बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, एवढी मतं दिलीत कुणाला?"

मग एकदाचा तुकडा जमला. बांधावरची रुई, घाणेरीची फुलं, सगळं लख्ख. दत्ताभाऊ तो घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्याशी नजर मिळवेनात. वहिनींनी तो धुण्याचा सोडा घालून भिजवला होता. निळ्याचा फिका पिवळा झाला होता.

"आणि वर मला म्हनती कशी," दत्ताभाऊ म्हणाले, "डाग निघाले बघा! लई घासावं लागलं!"

शोभाताईंना फोन लावला. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "फाडते कापड," म्हणाल्या.

शेवटी ठरलं, सगळं रानातच करायचं. जेसीबी दुसऱ्या दिवशी येणार होता. दत्ताभाऊंच्या घरच्या अंधाऱ्या खोलीत वाळवलेलं, गोधडीएवढं कापड काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं आणि बांधालगत अंथरलं. कडेनं रुई, घाणेरी, हरळी. एका अंगाला कांद्याचे फुललेले गोंडे. मध्ये काय ठेवावं ते सुचेना.

तेवढ्यात आजी आल्या. लेकाकडे न बघता शोभाताईंना म्हणाल्या, "रानातलं समदं घेतलंत?"

"घेतलं, आजी. ठेवलं त्याचा ठसा उमटतोय, बघा."

आजींनी चपला काढल्या, पदर खोचला आणि कापडाच्या मधोमध, कांद्याच्या गोंड्यांशेजारी, सरळ आडव्या झाल्या. डोळे मिटून घेतले.

आम्ही बघतच राहिलो. दत्ताभाऊ मात्र रस्त्यावर लावलेल्या बसकडे धावले आणि छत्री घेऊन आले.

"आये, ऊठ! डोक्यावर ऊन आलंय, चक्कर येईल!" असं म्हणत त्यांनी छत्री उघडून आजींवर धरली.

आजींनी एक डोळा उघडला.

"दत्त्या, छत्री बाजूला घे! सावलीत निळं व्हतंय व्हय?"